हूक स्वतःच्याच बेल्टला: एका सेंट्रिंग टोळीचं प्रकरण

खालून पाहिलं तर सगळं ठीक होतं. पाचव्या मजल्याच्या बाहेरच्या कडेला सातजण सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेकू उभारायचं, काम करत होते. सातहीजणांच्या डोक्यावर हेल्मेट, सातहीजणांच्या अंगावर सेफ्टी बेल्ट. माझ्या तपासणीच्या कागदावर ‘बेल्ट घातला आहे का?’ असा रकाना होता. तिथं मी सात खुणा केल्या असत्या तरी कुणी मला खोटं ठरवलं नसतं. जिना चढून वर गेलो तेव्हा दिसलं, सातपैकी पाचजणांचे दोन्ही हूक लाइफलाइनला, म्हणजे कडेनं ताणलेल्या आधाराच्या दोराला, नव्हतेच. ते त्यांच्या स्वतःच्या बेल्टच्या कडीला अडकवलेले होते. माणूस स्वतःलाच बांधलेला, आणि पायाखाली पंधरा मीटर रिकामी जागा.

तीन आठवडे आधी या टोळीतला एकही माणूस असा दिसला नसता. सुरक्षा अधिकारी म्हणून मी रोज दोनदा मोजणी करत होतो आणि ती वही माझ्याजवळ आहे, म्हणून हे ठामपणे सांगता येतं. मधल्या काळात कुणी नियम मोडायला शिकवलं नव्हतं, प्रशिक्षण चुकलं नव्हतं, बेल्ट कमी पडले नव्हते. तरी एकाचे पाच झाले आणि पुढं ते शेजारच्या टोळीतही गेलं. ते कुठल्या वाटेनं गेलं आणि परत आणताना काय करावं लागलं, ते इथं लिहितो आहे. माझा स्वतःचा वाटाही लिहितो, कारण तो वगळला तर प्रकरण कळणारच नाही.

टोळी आणि काम

इमारत बहुमजली, कॉलम-बीम-स्लॅबची नेहमीची. सेंट्रिंगच्या टोळीत मिस्त्री धरून बाराजण. त्यांच्याच मजल्यावर सळई बांधणारे नऊजण. दोन्ही टोळ्यांचे ठेकेदार वेगळे, पण काम एकमेकांत गुंतलेलं: सेंट्रिंग झाल्याशिवाय सळई नाही, सळई झाल्याशिवाय बीमची बाजू बंद होत नाही. त्यामुळं माणसं एकमेकांना उसनी देणं-घेणं चालायचं.

मिस्त्री या प्रकरणाच्या मध्यभागी आहेत. वय पन्नाशीच्या जवळ, हातात कला, बोलणं कमी. ओळंबा न लावता कॉलम किती बाहेर आहे ते नजरेनं सांगत आणि मग ओळंबा लावून खात्रीही करून घेत. टोळीतली अर्धी पोरं त्यांच्याकडेच काम शिकलेली. फळी कशी धरायची, खिळा कुठं ठोकायचा, कुठल्या टेकूवर भार द्यायचा नाही, हे कुणी तोंडानं शिकवत नाही. मिस्त्रींच्या हाताकडं बघतच ते अंगात येतं. बांधकामातलं सगळं शिकणं असंच बघून होतं, आणि ज्या डोळ्यांनी पोरगा चांगलं काम शिकतो त्याच डोळ्यांनी तो वाईट सवयही उचलतो.

बाहेरच्या कडेला आम्ही लाइफलाइन लावली होती, म्हणजे कॉलमपासून कॉलमपर्यंत ताणलेला तारदोर. प्रत्येक कॉलमला तो पक्का बांधलेला. बेल्टला दोन हूक असतात ते एवढ्याचसाठी: कॉलम आला की आधी एक हूक पुढच्या दोरावर लावायचा, मग मागचा काढून पुढं न्यायचा. एक तरी हूक नेहमी लागलेला राहतो. कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात दोघं मिळून आठ फुटी प्लाय नेतात, वाटेत चार कॉलम लागतात, म्हणजे एका खेपेला प्रत्येकाला आठ वेळा हूक काढ-घाल करावी लागते, तीही एका हातानं, कारण दुसऱ्या हातात प्लाय आहे. दिवसाला अशा किती खेपा होतात ते मी त्या आधी कधी मोजलं नव्हतं. ते मोजायला हवं होतं.

तरी पहिले दोन आठवडे सगळ्यांनी हूक लावले. कुरकुर झाली, पण लावले.

दहा मिनिटं

तिसऱ्या आठवड्यात चौथ्या मजल्याचा स्लॅब टाकायचा दिवस होता. पंप लागलेला, काँक्रीटच्या गाड्या खाली रांगेत. काँक्रीटमध्ये पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. गाडी दीड-दोन तासांच्या पुढं ताटकळत ठेवता येत नाही. अर्धा स्लॅब झाल्यावर बाहेरच्या एका बीमची बाजू फुगायला लागली. ओल्या काँक्रीटचा दाब प्लायला बाहेर ढकलत होता आणि सांध्यातून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळत होती. पंप थांबवला. बाजू बाहेरून आवळल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

मिस्त्रींनी बोल्ट आवळायची चावी घेतली, दोन्ही हूक लाइफलाइनवरून काढले, टक् टक् करून बेल्टच्या कडीला अडकवले आणि कडेकडेनं पाच खण, म्हणजे कॉलम ते कॉलम पाच टप्पे, चालत गेले. बाहेरून साच्याच्या बाजू धरून ठेवणारे टाय रॉड आवळले, दोन टेकू मारले, परत आले. सगळं मिळून दहा मिनिटं. हूक लावत गेले असते तर निदान अर्धा तास गेला असता. पंप पुन्हा सुरू झाला. इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मिस्त्री, आज तुम्ही होतात म्हणून वाचलो.”

मी तिथंच उभा होतो. मी काही बोललो नाही.

त्या क्षणी मला वाटलं, आता बोलायची वेळ नाही, उद्या निवांत बोलू. दुसऱ्या दिवशी दुसरी कामं निघाली. मी त्या दहा मिनिटांबद्दल मिस्त्रींशी बोललो तो थेट नवव्या आठवड्यात.

त्या मजल्यावर तेव्हा अकराजण बघत होते. त्यांनी काय पाहिलं ते एकेक करून मांडतो: सगळ्यात कसलेल्या माणसानं हूक काढला, काही झालं नाही, काम वाचलं, शाबासकी मिळाली आणि सेफ्टीवाले साहेब गप्प राहिले. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात जड वाटते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६५ मध्ये लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठा माणूस एका बाहुल्याला मारतो, असं चित्रण मुलांना दाखवलं. काही मुलांनी त्या माणसाला बक्षीस मिळालेलं पाहिलं, काहींनी शिक्षा झालेली, आणि काहींच्या चित्रणात पुढं काहीच झालं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. ज्यांनी ‘काहीच झालं नाही’ असं पाहिलं त्यांनी मात्र बक्षीस पाहिलेल्यांच्या जवळपास तितकीच नक्कल केली. म्हणजे गप्प बसणं हे बघणाऱ्याच्या हिशेबात होकारातच जमा होतं.

कारण गेलं, सवय राहिली

चौथ्या आठवड्यात मी लाइफलाइन बदलून घेतली. कॉलमपाशी दोर बांधण्याऐवजी मधले ब्रॅकेट असे बसवले की हूक ज्याला लावायचा तो दोरावरचा सरकता जोड त्यांवरून न काढता पुढं जातो. आता हूक एकदा लावला की कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येत होतं. अडचण मुळातून मिटली होती. मला मनापासून वाटलं की विषय संपला.

त्या आठवड्याअखेर वहीत तीन नावांपुढं फुली होती, म्हणजे हूक न लावल्याची खूण. पाचव्या आठवड्याच्या मध्यावर पाच.

हे मला बरेच दिवस उमजेना. हूक काढण्याचं कारण होतं तेव्हा फक्त एकानं काढला. कारण गेल्यावर पाचजण काढतात, हे कसं? उत्तर त्यांच्या बोलण्यात मिळालं. एक मधल्या वयाचा कारागीर दुसऱ्याला सांगत होता, “मिस्त्रींसारखा हात बसला ना, की दोर लागत नाही.” घाईच्या एका दिवशी, फुगलेल्या बीमपायी केलेली गोष्ट आता कसबाची खूण झाली होती. ज्यांनी ती उचलली त्यांनी मिस्त्रींची अडचण उचलली नव्हती, फक्त कृती उचलली होती. कृतीबरोबर तिचं कारण प्रवास करत नाही, आणि म्हणून कारण काढून टाकलं तरी कृती जागच्या जागी राहते.

अंतराळयान चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. त्याच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी आधीच्या अनेक उड्डाणांत झिजलेली आढळली होती. प्रत्येक वेळी यान सुखरूप परतलं, आणि प्रत्येक सुखरूप परतीबरोबर ती झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी या घसरणीला विचलनाचं सामान्यीकरण म्हटलं. तिथं शिकलेसवरलेले अभियंते होते, ढीगभर कागदपत्रं होती, बैठका होत्या. आमच्या चौथ्या मजल्यावर यातलं काही नव्हतं, पण गणित तेच होतं: कालही काही झालं नाही, म्हणजे आजही चालेल.

उसने दिलेले दोघे

पाचव्या आठवड्यात सळईच्या टोळीला माणसं कमी पडली. सेंट्रिंगमधले दोघं चार दिवसांसाठी त्यांच्याकडं गेले. दोघंही हूक न लावणाऱ्या पाचांपैकी.

सळईवाले तेव्हा लिफ्टच्या डक्टच्या कडेला काम करत होते. तिथं लाइफलाइन डोक्यावर होती, सलग होती, काढ-घालीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून नव्हता. त्या टोळीत तोवर एकही फुली नव्हती. पाहुणे आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दोन फुल्या पडल्या. पाहुणे परत गेले तरी त्या दोन राहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात चार झाल्या.

या टप्प्यावर मी वहीत एक चित्र काढलं. प्रत्येक माणसासाठी एक ठिपका, आणि तो काम करताना कुणाकडं बघतो, कुणाशी जोडी लावतो, कुणाबरोबर जेवायला बसतो, त्याच्या रेघा. चित्र काढायला चार संध्याकाळी गेल्या. त्यातून दिसलं की बेसावधपणा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून आपोआप पसरत नव्हता. दोन टोळ्या दोन आठवडे एकाच मजल्यावर पाठीला पाठ लावून होत्या, तेव्हा काही गेलं नव्हतं. एकाच फळीची दोन टोकं धरणाऱ्या जोडीदारांत मात्र ते लगेच गेलं. जोडीत एकाचा हूक लागलेला आणि दुसऱ्याचा मोकळा असला तर लागलेल्याची चाल हळू पडते आणि मोकळा त्याच्यासाठी थांबतो. दोन-तीन वेळा थांबावं लागलं की तोंडानं काही म्हणावंही लागत नाही. हळू चालणाऱ्याला स्वतःलाच ओशाळं वाटतं.

साथीच्या रोगाशी याची तुलना नेहमी होते. ती थोडी दूरपर्यंतच चालते. खोकल्याला एक संपर्क पुरतो. जिवाला घोर लावणारी सवय उचलायला माणसाला बहुतेक वेळा एकाहून जास्तजण लागतात. एकजण करतो तो वेडा, तिघं करतात ती रीत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये हेच उंबरठ्याच्या कल्पनेतून मांडलं होतं: आधी किती लोकांनी केल्यावर मी करीन, याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा. कुणाचा एक, कुणाचा तीन, कुणाचा सात. माझ्या वहीतल्या फुल्यांचा क्रम मी या नजरेनं पुन्हा वाचला तेव्हा तो अंगावर आला. मिस्त्रींनंतर पहिले आले ते त्यांचे सगळ्यात जवळचे दोन चेले. मग त्यांचे जोडीदार. सगळ्यात शेवटी ते, ज्यांना घरच्यांनी बजावून पाठवलं होतं, जे एरवी सगळ्यात सावध होते. त्यांचा उंबरठा उंच होता, पण होता.

माझे चुकलेले उपाय

सहाव्या आठवड्यात मी जे नेहमी केलं जातं ते सगळं केलं. दंड लावला. फलक लावले. रोज सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्यात, हाच विषय घेतला.

दंडाचा परिणाम चार दिवसांत दिसला. मी जिन्याच्या पहिल्या वळणावर आलो की वरून कुणीतरी टेकूवर चावीनं दोन ठोके मारायचं. टण् टण्. मी वर पोचेपर्यंत सगळे हूक जागेवर. हे ठोके कुणी ठरवून सुरू केले नसावेत, पण तेही सवयीसारखेच टोळीभर पसरले. हूक ही आता स्वतःसाठी लावायची वस्तू राहिली नव्हती, ती साहेबांसाठी लावायची झाली होती. मीच ती तशी केली.

सकाळच्या बोलण्यात मी आणखी मोठी चूक केली. पोटतिडकीनं मी सगळ्यांना म्हणालो, “अरे, निम्म्याहून जास्तजण हूक लावत नाही आहात!” मला वाटलं, आकडा ऐकून धक्का बसेल. प्रत्यक्षात जे अजून लावत होते त्यांना मी सांगितलं की तुम्ही आता अल्पसंख्य आहात. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीचा प्रयोग केला होता. तिथले दगड झालेले लाकडाचे तुकडे लोक उचलून नेतात. ‘आजवर पुष्कळांनी नेले, त्यामुळं उद्यान बदलून गेलं’ अशी पाटी असलेल्या वाटेवरून जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्या पाटीच्या वाटेवर २ टक्क्यांहूनही कमी. हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. तरी त्या सकाळी माझ्या तोंडून तेच निघालं.

सातव्या आठवड्यात एक नवा पोरगा आला, एकोणीस वर्षांचा. प्रवेशाचं प्रशिक्षण मीच दिलं. बेल्ट कसा आवळायचा, मांडीचे पट्टे किती घट्ट हवेत, हूकची जीभ पूर्ण बंद झाली की नाही हे बोटानं कसं चाचपायचं, सगळं त्यानं नीट करून दाखवलं. दोन दिवस त्यानं हूक लावला. तिसऱ्या दिवशी दोन्ही हूक बेल्टच्या कडीला. मी त्याला बाजूला घेतलं, रागावलो नाही, फक्त विचारलं, “तुला माहीत आहे ना कशासाठी असतो तो?”

“माहीत आहे साहेब.”

“मग?”

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “लावला की सगळ्यांना कळतं, हा नवा आहे.”

याला प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. त्याला माहिती कमी नव्हती. त्याला त्या टोळीत जागा हवी होती, आणि त्या जागेची किंमत काय आहे हे त्यानं दोन दिवस बघून घेतलं होतं.

आठव्या आठवड्यात जे व्हायचं ते होता होता राहिलं. मिस्त्रींच्या दोन चेल्यांपैकी एकाचा पाय शटरिंग ऑइल (साच्याला लावायचं तेल) लागलेल्या प्लायवरून सटकला. कमरेपर्यंत तो कडेबाहेर गेला, एका टेकूला त्याचा हात लागला, जोडीदारानं बेल्टच्या पट्ट्याला धरून ओढून घेतलं. हातातली चावी खालच्या जाळीत पडली. खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. तीन दिवस फुल्या कमी झाल्या. चौथ्या दिवशी पूर्ववत. जेवणाच्या सुट्टीत त्या प्रसंगाची गोष्ट कशी सांगितली जाते ते मी ऐकलं: “हात बघ त्याचा, लोखंडासारखा! दुसरा असता तर गेला असता.” थोडक्यात वाचणं ही त्यांच्या गोष्टीत धोक्याची खूण नव्हतीच, ताकदीची होती. त्या गोष्टीत ऑइलचा उल्लेख नव्हता, जोडीदाराचाही फारसा नव्हता. आणि चार मीटर पडायलाही एक सेकंद पुरता लागत नाही, पंधरा मीटरला पावणेदोन सेकंद. एवढ्या वेळात लोखंडासारखा हात कुणाच्या काही कामी येत नाही, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

मिस्त्रींशी बोलणं

नवव्या आठवड्यात मी काम सुटल्यावर मिस्त्रींना थांबवून घेतलं. वहीतलं ठिपक्यांचं चित्र समोर ठेवलं. नावं नव्हती, पण मधला मोठा ठिपका कोण हे त्यांना लगेच कळलं. मी म्हणालो, “मिस्त्री, पोरं तुमचं बघून करतात.”

ते बराच वेळ चित्राकडं बघत होते. मग म्हणाले, “त्या दिवशी स्लॅबला तुम्हीपण होतात ना तिथं?”

“होतो.”

“काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुमचीपण हरकत नाही.”

मी म्हणालो, “चुकलो मी. तेव्हाच बोलायला हवं होतं.” हे वाक्य म्हणायला मला सहा आठवडे लागले होते. त्यानंतर मिस्त्री जे बोलले ते त्याआधी कधीच बोलले नसते.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती दुसऱ्या मजल्याच्या खालच्या पोटमाळ्याची. तिथं उंची चार मीटर, आणि आम्ही हूक पायाशी असलेल्या पाइपला लावायला सांगितला होता. मिस्त्री म्हणाले, “दोरी दोन मीटरची. वर तिचा तो शिवलेला भाग उसवत जाणार. माणूस दोरीला लटकण्याआधी जमिनीला लागणार. हे आम्हाला दिसतं साहेब. मग आम्ही काय समजायचं, हूक कशासाठी आहे?”

त्यांचं बरोबर होतं. पायाशी हूक लावला तर २ मीटरची दोरी, धक्का शोषणारा भाग उसवून वाढणारी जास्तीत जास्त १.७५ मीटर लांबी, कडीपासून पायापर्यंत दीड मीटर शरीर आणि त्याखाली एक मीटर मोकळी जागा, असे सव्वासहा मीटर लागतात. चार मीटरवर तो हूक दाखवण्यापुरता होता. आम्ही एका ठिकाणी निरर्थक नियम पाळायला लावला, आणि त्यांनी तोच अर्थ सगळ्या ठिकाणच्या हूकला लावला. माझ्या मते या प्रकरणाचं बी स्लॅबच्या दिवसाआधीच इथं पडलं होतं.

मग त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. कडेच्या पॅनेलना खालीच कठडा जोडून पॅनेल क्रेननं वर घ्यावं, म्हणजे उघड्या कडेला उभं राहायची वेळच कमी येईल. हातमोजे घालून एका हातानं उघडता येईल असा हूक द्यावा. आणि स्लॅबची वेळ ठरवताना त्यांना विचारावं, आदल्या रात्री बाजू पुन्हा तपासायला दोन तास द्यावेत. तिन्ही मागण्यांत बेल्टबद्दलची एकच होती. मी सुरक्षेचं काम करतो, आणि बेल्ट हा शेवटचा उपाय आहे, आधी धोकाच दूर करायचा, हे मी इतरांना शिकवतो. ते मला मिस्त्रींकडून ऐकावं लागलं.

चौथी गोष्ट मी माझ्याकडून जोडली. काम धोक्याचं वाटलं तर थांबवायचा अधिकार मिस्त्रींना, आणि त्याचा जाब कुणी विचारणार नाही, असं इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर करायचं. गंभीर आणि समोर आलेल्या धोक्यापासून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागू नयेत, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे. कामगाराला ते कुणाच्या तरी तोंडून, त्याच्या मजल्यावर, ऐकू यावं लागतं. इंजिनिअर साहेब आधी कचरले. वेळापत्रक बोंबलेल अशी त्यांना भीती होती. मी त्यांना स्लॅबच्या दिवशीचा खांद्यावरचा हात आठवून दिला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या सकाळी टोळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी मी शाबासकी दिली ती चुकीच्या गोष्टीला दिली.”

उलटी वाट

दहाव्या आठवड्यात मिस्त्रींनी हूक लावायला सुरुवात केली. दंड मी बंद केला होता. मला वाटलं होतं, मिस्त्री बदलले की टोळी एका दिवसात बदलेल. तसं झालं नाही. दोन दिवस फक्त त्यांचाच हूक लागलेला, बाकी फुल्या तशाच. पोरांना वाटत होतं, मिस्त्रींना वरून दम मिळालाय.

तिसऱ्या दिवशी ज्याचा पाय सटकला होता त्यानं लावला. त्यानं का लावला हे मी विचारलं नाही. पण एकाचे दोन झाले आणि चित्र हललं. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत गटातले सगळे रेघेची लांबी मुद्दाम चुकीची सांगत, आणि डोळ्यांना खरं दिसत असूनही लोक सुमारे एक तृतीयांश वेळा गटाच्या मागं जात. गटात खरं सांगणारा एक जरी सोबती मिळाला की हे मागं जाणं आधीच्या जवळपास चौथाईवर येई. त्या नव्या पोराला असा सोबती हवा होता. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी त्याला स्वतःच्या जोडीला घेतलं. फळीचं एक टोक मिस्त्रींच्या हातात, दुसरं त्याच्या. आता हूक लावल्यानं तो नवा दिसत नव्हता, मिस्त्रींचा जोडीदार दिसत होता.

तो क्षण मी जवळून पाहिला. कॉलमच्या कोपऱ्यावर दोर वळतो तिथं सरकता जोड थोडा अडतो. पोरगा थबकला. मिस्त्रींनी फळी मांडीवर टेकवली, डाव्या हातानं त्याच्या दोरीला हलकासा झोल दिला, जोड सरकला. “घाई नाही,” एवढंच म्हणाले. सहाव्या आठवड्यापासून मी फलकांवर जे लिहिलं होतं त्यातलं काहीही या दोन शब्दांच्या जवळपास पोचत नव्हतं.

अकराव्या आठवड्यात सेंट्रिंगच्या टोळीत दोन फुल्या उरल्या. बाराव्यात एक, आणि ती अधूनमधून. सळईच्या टोळीत मात्र चारच्या चार कायम होत्या, आणि हे मला आधी लक्षात यायला हवं होतं: तिथं सवय पोचली होती, पण तिथून परतीची वाट कुणी बांधली नव्हती. आम्ही ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं धाडली. सेंट्रिंगमधले तेच दोघं पुन्हा उसने दिले, चार दिवसांसाठी, या वेळी ठरवून, त्यांना सगळं सांगून. जाताना त्यातला एक म्हणाला, “साहेब, आधी आम्हीच बिघडवलं, ते आम्हीच सांगू का त्यांना?” मी म्हटलं, “सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर नुसतं लावा.” त्यानं सांगितलं. आठवड्याभरानं तिथल्या चारांच्या दोन झाल्या. त्या दोघांशी त्यांचा मुकादम बोलतो आहे.

माझ्या तपासणीच्या कागदावरचा रकानाही बदलला. आता तिथं ‘बेल्ट घातला आहे का?’ असा प्रश्न नाही. ‘हूक कशाला लावला आहे?’ असा आहे, आणि उत्तर खुणेत देता येत नाही, लिहावं लागतं.

पुढच्या सोमवारपासून बाहेरच्या काचांचं काम करणारी नवी टोळी येते आहे. तिच्यातल्या कुणालाच आमचं हे काही ठाऊक नाही. मी मिस्त्रींना विचारलं, पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्या मजल्यावर थांबाल का.

“पहिल्या दिवशी नको,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी सगळेच लावतात. तिसऱ्या दिवशी जातो.”